बंदुकीत काय भरलं होतंस?

पोशेरा
१६ जानेवारी २०२५

दादा,

हा कागद पुंजा तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत तिथून हलणार नाही. मी त्याला तशी तंबीच दिली आहे. चिकू भरायला तो दर आठवड्याला तुमच्या घोलवडच्या वाडीत गाडी घेऊन येतो, हे मला या दिवाळीत कळलं. तुझा फोन नंबर त्यानेच दिला. तीनदा लावला. तिन्ही वेळा "दादा, मी सखा" एवढं म्हणेपर्यंत तू ठेवून दिलास. कागद असा मध्येच ठेवता येत नाही, म्हणून कागद.

खुशाली विचारत नाही, तू सांगणार नाहीस. मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती जगात तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्या दिवशी बंदुकीत काय भरलं होतंस? मासे धरायच्या जाळ्याचं शिसं, की सायकलच्या चाकातल्या लोखंडी गोळ्या?

सव्वीस वर्षांनी हे का उकरतो, ते सांगतो. दिवाळीपासून माझ्या उजव्या बरगडीखाली जड जड वाटत होतं. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, यकृतावर गाठ दिसते. साधी असेल किंवा वाईट असेल, इथून सांगता येत नाही. नाशिकला एमआरआय करून या." यकृताचं दुखणं म्हटल्यावर अख्ख्या पाड्याने ठरवून टाकलं की गुरुजी शाळा सुटल्यावर चोरून पितात. मी थेंबाला शिवत नाही हे तुला माहीत आहे, पण तू इथे नाहीस, मग सांगणार कोण? आणि वेणू भेटेल त्याला सांगते, "यांच्या काळजाचा फोटो काढायचा हाये." त्यावर बाया माझ्याकडे असं बघतात, की या वयात काळजात कोण सापडणार म्हणून! (वेणू म्हणजे माझी बायको. आईच्या दहाव्याला तू जांभळीखाली उभा होतास तेव्हा तुला पाणी घेऊन आली होती ती. ती पोहोचेपर्यंत तू निघून गेला होतास.)

सोमवारी आम्ही नाशिकला गेलो. पहाटेपासून पोटात काही घ्यायचं नव्हतं. तिथे त्यांनी एक फॉर्म दिला. हृदयात यंत्र बसवलंय का, हाडात पट्टी आहे का, डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का, अंगात गोळी किंवा छर्रा आहे का. शेवटच्या प्रश्नावर माझं पेन थांबलं. शेजारी वेणू बसली होती. मी "नाही"वर खूण केली.

मग कपडे बदलून दवाखान्याचा झगा घातला, अंगठी, करगोटा, चष्मा सगळं वेणूच्या ओच्यात दिलं. आत नेणाऱ्या मॅडम दारात म्हणाल्या, "हे मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक आहे. अंगात लोखंड असेल तर ते आतल्या आत सरकू शकतं, म्हणून पुन्हा विचारते." तेव्हा माझा पाय उंबऱ्यावरच थांबला. म्हटलं, "मॅडम, एक मिनिट."

बाहेर येऊन वेणूसमोर तुझी गोळी लागल्याचं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं, माझ्या बरगडीवरच्या जुन्या वणांकडे बोट केलं आणि एवढंच म्हणाली, "एवढी वरसा मना कुंपणाची खुटी सांगली. खुटीला छर्रं असतात का?"

एक्स-रे काढला. तीन छर्रे दिसले. दोन चपटे झाले आहेत, ते डॉक्टरांच्या मते शिशाचे असावेत, कारण शिसं हाडावर आपटलं की दबतं. तिसरा मात्र गोलच्या गोल आहे, आणि नेमका यकृताच्या कडेला बसला आहे. डॉक्टर म्हणाले, "शिसं असेल तर आत घेतो. लोखंड असेल तर घेणार नाही. आणि गाठ रक्तवाहिन्यांची असली तर सुई घालून तपासणं धोक्याचं, म्हणून आधी हा फोटो हवा. ज्याने बंदूक भरली त्याला विचारा." मी म्हटलं, विचारतो. जणू तू बाहेर बाकावरच बसला होतास!

आपल्या आबाची ती ठासणीची बंदूक, नळीत हाताला येईल ते ठासायचं तेव्हा. म्हणून म्हणतो, नीट आठव. एका शब्दात लिही. शिसं किंवा लोखंड. पुढची तारीख सहा फेब्रुवारीची दिली आहे.

सखा

पोशेरा
२४ जानेवारी २०२५

दादा,

पुंजा रिकाम्या हाताने आला. म्हणाला, तू दोन वेळा वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि पत्र्याचा डबा वाजवत पोपट हाकलायला गेलास. "काही निरोप?" विचारलं तर नाही म्हणून मान हलवलीस. बरं आहे. सगळी वाडी तू डब्यावर राखतोस, काठीसुद्धा हातात घेत नाहीस, असंही त्याने सांगितलं. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

काल मी तुझ्यावर फार चिडलो. माझा जीव टांगणीला लागलाय आणि याला एक शब्द लिहवत नाही, म्हणून वेणूजवळ तुला नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, "त्यांना राग कसला हाये, ता तरी आधी सांगा." मी म्हटलं, राग नाही, त्याला लाज आहे. गोळी लागली ना त्याच्या हातून. हे बोललो आणि माझी मलाच शरम वाटली. कारण ते खरं नाही. खरं काय ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आई तुझं नाव घेत गेली तरी नाही.

कार्तिकातली सांज होती. नाचणी कापायला आली होती आणि डुकरं वावर उकरत होती. तू राखणीच्या माळ्यावर चढलास, मला बांधाच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली बसवलंस. म्हणालास, "श्वास धर. हालू नको. मी हाक देन तवाच उठ." दोन सांजा मी तसाच बसलो होतो. डुक्कर काही आलं नव्हतं. तिसऱ्या सांजेला मला कंटाळा आला, दादा. एकोणीस वर्षांचा होतो, अंगात मस्ती होती. सगळ्यांच्या नकला करायचो, तूच हसून हसून दाद द्यायचास. म्हटलं, याची गंमत करू. नाचणीत शिरलो, चार पायांवर झालो आणि डुकराचा आवाज काढला. हुबेहूब काढला. तू झाडलीस.

मग मला पाठीवर घेऊन तू उतारावरून धावत सुटलास, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या धोंडीबाईच्या पाड्यापर्यंत. दोन डोंगर. मध्ये एकदा पडलास, पण मला खाली लागू दिलं नाहीस, स्वतःचा गुडघा फोडून घेतलास. त्या सगळ्या वाटेवर तू एकच म्हणत होतास, "सखा, मना आवाज आला होता रे. मना आवाज आला होता." आणि मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालो, "कसला आवाज? मला तर काही ऐकू आलं नाही."

घाबरलो होतो. आई मारेल, तू मारशील, आणखी कोण मारेल कोण जाणे. पण बरा झाल्यावरही मी ते मागे घेतलं नाही. मग तू बारा दिवस मला भाताची पेज भरवलीस आणि तेराव्या दिवशी उजाडताना पिशवी उचललीस. मी जागा होतो. डोळे मिटून पडलो होतो. तुला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं.

गोळीचं आपण घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं, बाहेर कुंपणाची खुटीच सांगितली होती, म्हणून सगळे म्हणाले, पंढरी घर सोडून गेला, त्याला डोंगराचा कंटाळा आला. मला माहीत होतं, तुझा स्वतःच्या कानांवरचा भरवसा उडाला म्हणून तू गेलास. तुला वाटलं, नुसती नाचणीची ताटं हलली आणि आपण माणसावर झाडली. तसं नाही, दादा. तू बरोबर ऐकलंस. आवाज डुकराचाच होता. तो मी काढला होता.

आता तुला शिशाचं लिहायचं नसेल तर नको लिहूस. मला काही म्हणायला तोंड नाही. पण हे तुला कळायला हवं होतं, आणि गाठ वाईट निघाली तर पुढे सांगायला मी असेन की नाही ठाऊक नाही, म्हणून आज लिहिलं.

सखा

पोशेरा
३१ जानेवारी २०२५

दादा,

पुरचुंडी पोहोचली. पुंजाने गाडीतून उतरायच्या आधीच ओरडून सांगितलं, "गुरुजी, निरोप दिला बघा त्यांनी!" मी शाळेच्या पायरीवर बसूनच सोडली.

फडक्यात सात छर्रे. मला वाटलं होतं, धोंडीबाईने चिमट्याने एकेक काढून वाटीत टाकले, ते तिने तिथेच कुठेतरी परसात फेकले असतील. दहा लागले होते, सात निघाले, तीन राहिले, एवढंच माझ्या लक्षात होतं. ते सात तू घेऊन गेला होतास! सव्वीस वर्षं. डहाणू, उंबरगाव, घोलवड, जिथे जिथे राबलास तिथे सोबत. काळपट पडलेत, पण एकावर चाकूची खूण अजून दिसते. तू जाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी चाकूने सोडवून भरायचास, मला आता आठवलं.

शाळेच्या विज्ञानपेटीत घोड्याच्या नालेच्या आकाराचा लोहचुंबक आहे. टाचण्या चिकटवून दाखवतो आम्ही मुलांना. मी तो सातही छर्ऱ्यांवर फिरवला. एकही जागचा हलला नाही. मग ते टेबलावर तसेच ठेवून मी रडलो, हे तुझ्यापासून काय लपवायचं.

चिठ्ठी त्यानंतर वाचली. तुझं अक्षर चौथीत होतं तसंच आहे, ओळ वर चढत जाते. "जाल्याचा शिसा. सगलाच. लोखंड एक पन नाय." आणि खाली पुष्कळ जागा सोडून, दुसऱ्या पेनने, "म्हंजे मना आवाज आला होता."

हो दादा. आला होता.

दुसऱ्या पेनने लिहिलंस, म्हणजे पहिली ओळ लिहून ठेवून दिलीस आणि मग कधीतरी परत उघडून ही लिहिलीस. मधे तुझं काय झालं असेल, मी बघायला नव्हतो. तू मला शिवी घालायला हवी होतीस. कानफटात मारायला यायला हवं होतं. त्याऐवजी माझा जीव वाचावा म्हणून हे पाठवलंस. तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू कळत नाही, तरी मानतो. पाठीवरून नेलंस त्याचेही आजवर मानले नव्हते, तेही मानतो.

वेणूने फडकं धुऊन वाळत घातलंय. म्हणते, त्यांचा हाये, त्यांना परत द्यायचा.

तुझा
सखा

पोशेरा
७ फेब्रुवारी २०२५

दादा,

काल एमआरआय झाला. तुझी पुरचुंडी डॉक्टरांच्या टेबलावर मी उघडून ठेवली तेव्हा त्यांना वाटलं, पेशंट प्रसाद घेऊन आलाय. मग त्यांनी एकेक उचलून पाहिला, परत एक्स-रे लावला, आणखी एका डॉक्टरांना बोलावलं. तुझी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "यांच्याइतकी खात्रीची माहिती मला क्वचित मिळते." आणि परवानगीवर सही केली. घोलवडच्या चिकूवाडीतल्या राखणदाराच्या शब्दावर नाशिकच्या डॉक्टरांनी सही केली, हे तुझ्या मालकाला जरूर सांग.

तुला कधी तपासायची वेळ न येवो, पण आलीच तर घाबरू नकोस, म्हणून काय काय होतं ते लिहितो. हाताच्या शिरेत सुई लावून ठेवतात. एका अरुंद फळीवर उताणं निजवतात, पोटावर जाड पट्ट्यासारखं काहीतरी बांधतात, कानावर आवाज दबायचं यंत्र चढवतात. मुठीत रबराचा चेंडू देतात, जीव घाबरला तर दाबायचा. मग फळी आपोआप बोगद्यात सरकते. छत नाकापासून वीतभर. मी डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

आत सरकताना मी त्या तिसऱ्या छर्र्याची वाट बघत होतो. ओढला जातोय का, टोचतोय का. तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण पोट माझं होतं! काही झालं नाही. तो बसला होता तिथेच बसून राहिला.

मग आवाज सुरू झाला. आधी ठक ठक, मग मोखाड्याच्या गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा धडधडाट. मागच्या खेपेला दारात विचारणाऱ्या चंदना मॅडम बाहेर काचेमागे बसल्या होत्या, त्यांचं बोलणं कानात यायचं. "गुरुजी, श्वास घ्या. सोडा. आता थांबा. हलू नका." यकृत श्वासाबरोबर वर-खाली होतं म्हणे, म्हणून श्वास थांबवल्याशिवाय फोटो नीट येत नाही. माणूस जरा हलला की फोटो पुसट येतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"थांबा. हलू नका," असं पहिल्यांदा कानात आलं आणि दादा, मी ऐनाखाली होतो. तू माळ्यावर. नाचणीचा वास सुद्धा आला. अठरा, वीस आकडे मोजेपर्यंत श्वास सोडून पडून राहायचं, मग "घ्या श्वास" म्हणायच्या, जरा सैल व्हायचं, पुन्हा तेच. पंधरा वेळा तरी झालं असेल. मधे सुईतून औषध सोडलं, ते गार गार कोपरापर्यंत चढत गेलं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, ती तर मरणाची. पाठीला रग लागली. पण मी प्रत्येक वेळी मनात म्हटलं, दादा हाक देईल तेव्हाच उठायचं.

पाऊण तासाने फळी बाहेर आली. चंदना मॅडम सुई काढताना म्हणाल्या, "पहिल्या खेपेतच सगळे फोटो स्वच्छ आले. इतका स्थिर पेशंट महिन्यातून एखादा मिळतो. कुठे शिकलात हो?"

मी म्हटलं, "मोठ्या भावाने शिकवलं होतं. मला जमायला उशीर लागला."

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात मिळेल. बाहेर आल्यावर वेणूने डब्यातली भाकरी काढली आणि आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून खाल्ली. काय गोड लागली! गाठ कसलीही निघो, कालच्याइतकं हलकं मला वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं.

तुझा
सखा

पोशेरा
१४ फेब्रुवारी २०२५

दादा,

साधी आहे. आधी तेवढं वाच आणि मग पाणी पी.

डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं. रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, बहुतेक जन्मापासूनचा. सुई घालायची नाही, कापायचं नाही, औषध नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघायचं, वाढला नाही ना. जड वाटतं ते पित्ताचं, त्याला पथ्य दिलंय. आणि फोटो काढला नसता आणि कोणी सुई घातली असती तर रक्त थांबवणं कठीण गेलं असतं, असं ते म्हणाले. म्हणजे तुझी चिठ्ठी आली नसती तर. मी त्यांच्या पायाच पडणार होतो, ते मागे सरले. जव्हारच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, त्या फोनवर "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. चंदना मॅडमना वेणूने नाचणीचं पीठ दिलं, काळजाचा फोटो चांगला काढला म्हणून.

मंगळवारी दुपारी फोन वाजला, तुझा नंबर होता. मी "दादा" म्हटलं. तू बोलला नाहीस, पण ठेवलाही नाहीस. मागे पोपटांचा कलकलाट चालला होता आणि तुझा श्वास ऐकू येत होता. मीही काही बोललो नाही. तसे आपण किती वेळ होतो, मी मोजलं नाही. मग तू म्हणालास, "पोपट आलेत," आणि गेलास. वेणूने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, पुष्कळ बोललो.

आता माझं म्हणणं असं आहे. चिकूचा हंगाम सरला की पुंजाच्या गाडीत बसायचं आणि यायचं. वेणूने तुझं फडकं धुऊन घडी घालून ठेवलंय, ती ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तयार नाही. जांभळीखाली उभं राहायचं नाही, सरळ घरात यायचं. पाड्यातल्या सगळ्यांना मी त्या सांजेचं खरं ते सांगितलंय, तेव्हा तुला कोणासमोर मान खाली घालायचं कारण उरलेलं नाही. ती आता मी घालतो. चार दिवस हसतील, मग विसरतील.

गाडी फाट्यावर थांबते. तिथून बांधावरून चालत येशील, तेव्हा कुंपणाजवळ तुला डुकराचा आवाज ऐकू येईल. अगदी हुबेहूब. तो तुला खरंच ऐकू आलेला असेल.

मी असेन.

तुझा
सखा